सुरूच्या बनातली मॅटाडोर

सुरूच्या बनातून ती येताना दिसली तेव्हा मी मॅटाडोर धूत होते. पदर कमरेला खोचलेला, हातात बादली, बादलीत माशांच्या टोपल्यांखाली साचलेलं लालसर पाणी. मनात पहिला विचार आला तो हा, की हिला जवळ येऊ दे आणि हे पाणी हिच्या अंगावर ओतू दे.

डोक्यावर गाठोडं, उजव्या हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली विळी. डावा हात पोटाशी धरलेला. वाळूत पाय रुतत होते, तरी ती न थांबता सरळ माझ्यापर्यंत आली आणि गाठोडं गाडीच्या पायरीवर ठेवलं.

ही माझी सासू. नाव द्रौपदी, गावात तिला दुरपाकाकी म्हणायचे, मी आये म्हणायचे. महिन्यापूर्वी हिनंच मला बाहेर ठेवून घराच्या दाराला आतून कडी घातली होती.

"कित्याक इलात?" मी विचारलं.

"पाणी दी."

"कोणी धाडल्यान तुमका?"

"माका कोण धाडतलो? पाणी दी म्हणतंय."

मी दिलं नाही. बादली उपडी केली, ब्रश घेतला आणि पुन्हा फळ्या घासायला लागले. शेवटी इनासमामा आपल्या खोपीतून तांब्या घेऊन आले. सुरूच्या बनाच्या कडेला त्यांची खोप होती, मागे गोड्या पाण्याची विहीर. शहाळी विकायचे, एकटेच राहायचे. माझ्या बापाचे जुने मित्र. त्यांच्या जिवावरच मी त्या किनाऱ्यावर गाडी लावून राहिले होते.

सासू तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली, तिनं तोंड पुसलं आणि इनासमामांना म्हणाली, "हिणां गाडी दर्याकडे तोंड करून लावल्यान हा. खारो वारो सगळो आत जाता. फिरवूक सांगा."

मी ब्रश फेकून दिला.

मॅटाडोर माझ्या बापाची. दशावताराच्या कंपनीची माणसं आणि पेटारे त्यानं जन्मभर त्या गाडीतून जत्रेजत्रेला नेले. आतमध्ये छताला अजून पितळी आकडे होते, राजा आणि राक्षसाचे झगे टांगायला केलेले. त्यांवर आता माझ्या साड्या लटकायच्या. खिडक्यांना कंपनीनं टाकून दिलेला लाल पडदा फाडून लावला होता. बापाला मी एकटीच. गाडी चालवायला त्यानंच शिकवलं, ह्याच किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी वाळू घट्ट असते तेव्हा. तो गेला आणि गाडी माझ्याकडे आली. तिथून सगळं सुरू झालं. म्हणजे तिथून सुरू झालं असं गाव म्हणायचं. मला माहीत होतं, त्याच्याही पुष्कळ आधीपासून चालू होतं.

माझा नवरा शशिकांत. पंचक्रोशीत शशीबुवा. दोन बुवांचा सामना लागतो त्या डबलबारीच्या भजनाला बसला की समोरच्या बुवाला घाम फुटायचा. गळा असा, की बायका डोळे पुसायच्या. तो गळा घरी आला की वेगळा व्हायचा. भात गार का, दार उघडायला उशीर का, शेजारणीशी काय बोलत होतीस. मग हात. हात नेहमी अशा जागी, की पोलक्याच्या बाहेर दिसणार नाही.

बापाची गाडी दारात उभी राहिली तसं त्याचं नवीन सुरू झालं. "बुवाची बायल गाडी हाकतली? इकून टाक." मी विकली नाही. एका शनिवारी तो भजनाला कणकवलीला गेलेला असताना वाडीतल्या चार बायकांना घेऊन मी वेंगुर्ल्याच्या बाजाराला गेले. दुपारी परत आले तर अंगणात माझी ट्रंक. दाराला आतून कडी. "आये," म्हणून हाक मारली. दारामागे तिचा खोकला ऐकू आला. दमेकऱ्याचा तो खोकला मी झोपेतही ओळखला असता. मी पुन्हा पुन्हा हाका मारल्या. वाडीतल्या चारही बायका गाडीजवळ उभ्या राहून बघत होत्या. मग मी ट्रंक उचलून गाडीत टाकली.

नवऱ्यावरचा राग जुना होता, अंगवळणी पडलेला. सासूवरचा राग ताजा होता, आणि रोज सकाळी उठल्यावर तो आदल्या दिवसाहून जास्त ताजा वाटायचा. बाईनं बाईला असं दाराबाहेर ठेवायचं? लेकानं जाताना बजावलं असेल, मान्य. पण कडीवर हात तर हिचा होता ना?

आणि आता ती माझ्या गाडीच्या पायरीवर बसून पायाची वाळू झटकत होती.

"सांजची गाडी गावतली तुमका," मी म्हटलं. "हयसर ऱ्हवाची सोय नाय."

"मी जातंय म्हणान कोण सांगता?"

"माझी गाडी आसा. माझ्या बापाशीची."

"म्हायत आसा," ती म्हणाली आणि गाठोडं आत सरकवलं.

मी तिला हाकललं नाही. का नाही, ते मलाही नीट सांगता येणार नाही. इनासमामा तिथंच उभे होते आणि त्यांच्यासमोर म्हाताऱ्या बाईला ओढून काढायची लाज वाटली, एवढंच असेल.

गाडीत एका बाजूला फळ्या टाकून मी बिछाना केला होता. तो मी तिला दिला नाही. ती ड्रायव्हरच्या मागच्या बाकड्यावर आडवी झाली, गुडघे पोटाशी घेऊन. रात्रभर खोकली.

माझा दिवस पहाटे सुरू व्हायचा. होड्या लागल्या की कोळणी टोपल्या घेऊन यायच्या, मी त्यांना सावंतवाडीच्या बाजाराला सोडायचे, दुपारी परत आणायचे. गाडीला माशांचा वास कायमचा चिकटला होता, आणि मला तो आवडायला लागला होता. त्या वासात मला कोणी काही विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत आले तर सासूनं गाडीतलं सगळं हलवून ठेवलेलं. स्टो मागच्या दारापाशी, पाण्याची कळशी सावलीत, माझ्या साड्या घडी घालून ट्रंकेवर. एका कोळणीनं दिलेले बांगडे ती विळीवर साफ करत बसली होती. विळी पायाखाली दाबून, मासा उजव्या हातानं पात्यावरून फिरवत. डावा हात मांडीवर तसाच.

"माझ्या वस्तूंक हात लावूचो नाय," मी म्हटलं.

"वारो बाजूसून येता. स्टो पेटत नव्हतो."

"महिनोभर पेटत होतो."

"म्हणान अशी वाळलंस," ती म्हणाली.

जेवताना ती म्हणाली, मीठ कमी पडलं. मी म्हटलं, मग जावा आपल्या घरी, थंय मीठ आसा. माझ्या कढीत कोकमाची सोलं जास्त झाली होती तेही तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनंच कढी केली आणि ती इतकी चांगली झाली की मला जास्तच चीड आली.

एका संध्याकाळी मी तिला विचारलंच. सूर्य पाण्याला टेकला होता. इनासमामांच्या विहिरीवर, माडाच्या झापांच्या आडोशामागे मी आंघोळ करून आले होते, केस ओले होते. ती पायरीवर बसून तांदूळ निवडत होती.

"आये, त्या दिवशी माझी हाक तुमका आयकाक येय होती मा?"

तिनं खडा काढला आणि वाळूत टाकला.

"मी विचारतंय."

"तांदळात खडे खूप आसत," ती म्हणाली. "खंयसून हाडलंस?"

मी तिच्या हातातलं सूप खेचून घेतलं. तांदूळ वाळूवर सांडले. ती खाली वाकली आणि एका हातानं दाणादाणा वेचायला लागली. त्या वेळी माझ्या लक्षात आलं, की आल्यापासून तिनं डावा हात कशालाही लावलेला नाही. वर आकड्याला साडी लावायची तर उजव्या हातानं, स्टोला पंप मारायचा तर उजव्या हातानं. मी विचारलं नाही. दुखत असेल तर दुखू दे, असं मनात म्हटलं आणि वाळूत पाय आपटत पाण्याकडे निघून गेले.

शशिकांत आला तो सोमवारी. बाजारातून परत येऊन कोळणी गाडीतून टोपल्या उतरवत होत्या. सुरूच्या बनाशी एक मोटार थांबली. तिच्यातून आधी त्याच्या मंडळाचा पखवाजवाला उतरला आणि मागून हा. पांढराशुभ्र झब्बा, कपाळाला बुक्का. वाळूत चालताना धोतराचा सोगा हातात धरलेला.

मी दोन पावलं मागे सरले. मग त्या मागे सरण्याचाच राग आला.

"काय इनासमामा, बरा मा?" त्यानं लांबूनच हाक दिली. लोकांसमोर बोलायचा त्याचा आवाज वेगळा होता, आधी थोडं हसून मग शब्द. "आमच्या माणसांचो तरास होता काय तुमका?"

"माका कसलो तरास?" इनासमामा म्हणाले.

तो सासूसमोर येऊन उभा राहिला. ती विळीवर बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आये, चल. मोटार घेवन इलंय."

ती मासे कापत राहिली.

"लोक माका विचारतत. बुवा, तुझी आवस खंय? मी काय सांगू? दर्यावर गाडीत ऱ्हवता म्हणान सांगू? माझा नाव काय ऱ्हवला?"

"बायको खंय म्हणान कोणी विचारूक नाय?" मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुझ्याशी मी बोलतंय काय?" मग कोळणी ऐकतायत हे ध्यानात येऊन त्यानं आवाज खाली आणला. "तुका येवचा तर तू पण ये. मी कायव बोलूचंय नाय. झाला ता झाला. ह्या भंगार हयसरच सोड आणि ये."

"माका येवचा नाय."

"नको येवू. आये, उठ."

ती उठली. मला वाटलं, झालं, चालली. विळी आडवी करून ठेवली, हात पदराला पुसले आणि ती त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्या छातीपर्यंत तिचं डोकं पोचत होतं.

"मी येवचंय नाय, शशी," ती म्हणाली.

"काय?"

"मी हयसरच बरी आसंय."

तो हसला. पखवाजवाल्याकडे बघून, म्हातारीचं मनावर घेऊ नये असं हसला. "चल, चल. नाटका पुरे," म्हणत त्यानं तिचा हात धरला. डावा हात, कोपराच्या वर.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरू शकत नाही. ओरडणं नव्हतं ते. आत कोंडलेला श्वास एकदम फाटल्यासारखा आवाज. टोपल्या उतरवणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. तिचा पदर खांद्यावरून घसरला आणि दंड दिसला, सुजलेला, हिरवा-काळा, चार बोटांच्या खुणा अजून दिसतील असा.

त्यानं हात सोडला नाही. मला तेच आठवतं. सगळ्यांनी बघितलं, त्यानंही बघितलं, आणि तरी त्यानं हात सोडला नाही, उलट तिला मोटारीकडे एक पाऊल ओढलं.

मी पुढे झाले आणि त्याच्या थोबाडीत मारली.

बारा वर्षांत पहिल्यांदा. हात माशांच्या पाण्यानं ओला होता, त्यामुळे आवाज मोठा झाला. त्याच्या कपाळाचा बुक्का डोळ्यावर पसरला. सासूचा हात त्यानं सोडला तो स्वतःचा गाल धरायला.

"आणखी एक दी गो," कोळणींमधून कोणीतरी म्हणालं. आणि मी आणखी एक दिली. ती कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. ती थोपवणं माझ्या हातात नव्हतं.

तो हात उचलून पुढे आला, पण तोवर कोळणी मधे आल्या होत्या. त्या कमरेवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. पखवाजवाल्यानं त्याला मागून धरलं, "बुवा, चला, बुवा, लोक बघतत," म्हणत. मोटारीपर्यंत जाऊन तो वळला. आता त्याचा घरातला आवाज लागला होता.

"रातचो येतंय. जाळून टाकतंय ही गाडी. आत कोणव असांदेत!"

मोटार गेली. सुरूच्या बनात तिची धूळ बराच वेळ तरंगत राहिली.

"हेच्या तोंडाची माका भीती नाय," इनासमामा म्हणाले, "पण हेच्या मंडळातली पोरां पियाली की कायव करतली. रजनी, तू दोन-चार दीस जा. तेरेखोलाच्या पलीकडे, गोव्यात, पालयेक माझी भैण आसा. नाताल नाव तिचा. माझा नाव सांग."

"मी कित्याक जावू?" मी ओरडले. इतकी ओरडले की घसा दुखला. "दर्यो काय तेच्या बापाशीचो? घरातसून मीच जावचा, हयसूनव मीच जावचा? तेणां खंय जावचा नाय? तो गाणी गायत बसतलो आणि मी गाव सोडीत फिरू?"

"तुझा बरोबर आसा," इनासमामा म्हणाले. "पण ती बघ."

सासू पायरीवर बसली होती. दंडावर पदर घेतला होता. हातात विळी घट्ट धरून ती बनातल्या वाटेकडे बघत होती.

मी शिव्या देत सामान आवरलं. गाडीचा स्टार्टर तेव्हा बिघडला होता, ढकलल्याशिवाय ती चालू व्हायची नाही. कोळणींनी आणि इनासमामांनी मिळून ढकलली. सासू माझ्या शेजारी पुढच्या सीटवर, गाठोडं मांडीवर. किनारा मागे पडला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडू म्हणावं असं ते नव्हतं. मी इतकी चिडले होते की दुसरं काही अंगातून बाहेर यायला तयार नव्हतं.

रेडीच्या पुढे रस्ता चढाला लागतो. दोन्ही बाजूंनी काजूच्या बागा, उन्हं उतरलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"हात कधी मोडलो?" शेवटी मी विचारलं.

"मोडूक नाय. सुजलो."

"कधी?"

"तू गेलंस तेच्यामागना आठ दिसांनी. भात करपलो." ती खिडकीबाहेर बघत होती. "मगे परत एकदा. आणि मगे परत. तिसऱ्यांदा झाला तेच्या दुसऱ्या दिसा मी भायर पडलंय."

"आता कळला तर तुमका."

"माका पयलीसूनच म्हायत होता."

"म्हायत होता आणि तरी तेच्या सांगण्यावरना माका भायर ठेवलात."

मी गिअर बदलला. गाडी घरघरली.

"तेणां सांगल्यान नाय," ती म्हणाली.

"काय?"

"तेणां कायव सांगल्यान नाय माका. तो कणकवलीक गेल्लो. तेका म्हायतव नव्हता. ट्रंक मीच भायर काढलंय. कडी मीच घातलंय. तो इल्यार मी तेका सांगलंय, ती गेली म्हणान."

रस्ता समोर होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो मला दिसत नव्हता.

"कित्याक?"

"माका आयकूक नको होता."

"काय आयकूक नको होता?"

"ता सगळा." तिचा आवाज सपाट होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "बारा वर्सां. रोज सांजचो तो घराक इलो की माझे कान थंयसर. भांडा पडला की माझ्या काळजात धस्स. तुका मारूक लागलो की मी चुलीकडे तोंड करून बसायचंय. तू रडायचंस पण नाय. रडलंस असतंस तर तुझो आवाज तरी येतो. नुसतो तो मारण्याचो आवाज. माझ्या घोवान माका मारल्यान तेवा पण असोच येय होतो, पण तेवा तो माझ्या अंगात होतो, कानात नाय. माका वाटला, तू गेलंस की घर गप होतला. शशी तर माझो झील. झील काय आवशीर हात टाकूचो नाय. दोन घास गप बसान खायन."

"मार मी खाल्लंय," मी म्हटलं. "मार मी खाल्लंय, आणि तरास तुमका झालो?"

"व्हय," ती म्हणाली. "तसांच."

मी ब्रेक दाबला. मागे पातेली घरंगळली, ट्रंक पुढच्या सीटवर येऊन आदळली.

"उतर," मी म्हटलं.

लग्न झाल्यापासून मी तिला कधी एकेरी बोलले नव्हते. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग गाठोडं उचललं, दार उघडलं आणि उतरली. थांब म्हणाली नाही, रडली नाही, हात जोडले नाहीत. विळी सीटखाली राहिली होती, तीही मागितली नाही. गाठोडं डोक्यावर घेतलं, डावा हात पोटाशी धरला आणि चढाच्या दिशेनं, गाडी ज्या दिशेला चालली होती त्याच दिशेनं चालायला लागली. जणू ठरलेलंच होतं, की इथून पुढे चालायचं.

मी गाडी तिच्या अंगावरून नेल्यासारखी जवळून पुढे काढली. ती बाजूलाही झाली नाही. चढाच्या माथ्यावर रस्ता वळतो. तिथून तेरेखोलची खाडी दिसते आणि पलीकडे गोवा. तिथपर्यंत गेले आणि थांबले.

पुढे ती मरेपर्यंत माझ्याकडेच राहिली, मला कधी न विचारता. पालयेला नातालच्या मागच्या खोलीत आधी, मग माझ्या स्वतःच्या घरात. कधी माफी मागितली नाही. कढीत सोलं किती घालायची यावरून आम्ही ती जाईपर्यंत भांडलो. शशीबुवा आला नाही, गाडी जाळायलाही नाही आणि आईच्या तेराव्यालाही नाही. पालयेला आल्यावर वर्षभरानं रेडिओवर त्याचं भजन लागलं तेव्हा तिनंच उठून रेडिओ बंद केला. लोक मला विचारतात, एवढं झाल्यावर तू तिला माफ कसं केलंस? मी केलं नाही. अजूनही केलेलं नाही. ती चढावरून येत होती ते आठवलं की अजून हाताच्या मुठी वळतात.

त्या दिवशी, चढाच्या माथ्यावर थांबले तेव्हा, बाजूच्या आरशात ती दिसत होती. आधी नुसतं गाठोडं, मग गाठोड्याखाली ती. चढ मोठा होता आणि तिला दमा होता. दर दहा-वीस पावलांनी थांबायची, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायची, पुन्हा चालायची. एक ट्रक गेला. त्यानं हॉर्न दिला, ती हलली नाही. मी स्टिअरिंगवर मुठी आपटत होते आणि मोठमोठ्यानं बोलत होते. काय बोलत होते ते सांगण्यासारखं नाही. पुढे जा, असं पायाला शंभरदा सांगितलं. गाडी गिअरमध्ये होती, क्लच दाबलेला होता, इंजिन धडधडत होतं. पाय क्लचवरून उचलायचा, एवढंच करायचं होतं.

ती गाडीपाशी पोचली. दार उघडलं. आधी गाठोडं आत टाकलं, मग एका हातानं धरून स्वतःला वर ओढलं, मधेच अडकली, पुन्हा ओढलं. मी हात दिला नाही. बसल्यावर बराच वेळ तिला बोलता येईना, छातीत शिट्ट्या वाजत होत्या. मी समोर बघत होते.

मग श्वास जरा बसला तशी ती म्हणाली, "इतको वेळ इंजिन चालू ठेवन कित्याक बसलंस? डिझेल काय झाडाक लागता?"

"बंद केलंय तर चालू कोण करतलो?" मी ओरडले. "तू ढकलतलंस?"

"ढकलतंय," ती म्हणाली. "एक हात आसा."